अर्धं यकृत काढल्यावर उरलेल्या अर्ध्यात काय घडतं?

गाठ काढायची म्हणून असो की नातेवाइकाला दान करायचं म्हणून, लिव्हरचा भाग काढायचं ऑपरेशन ठरलं की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो. "काढलेलं परत फुटतंय म्हणे की ओ? खरं काय ते?" खानापूरकडची माणसं असोत, निपाणी-चिकोडीची असोत की इथं बेळगावात शहापूर-वडगावची, प्रश्न तोच. आणि उत्तर मिळतं तेही घाईतलं : होय, वाढतं, काळजी करू नका. सीमाभागात आणखी एक अडचण असते. डॉक्टर कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत समजावतात, रिपोर्ट इंग्रजीत असतो, आणि संमतीपत्रावर सही करणारी बायको किंवा भाऊ मराठीत विचार करत उभा असतो. मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक असे रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना सांगते तेच इथं जरा सविस्तर लिहिते आहे.

यकृत वाढतं हे खरं आहे. पण त्या वाढीचे दोन भाग आहेत. एक म्हणजे वजन आणि आकार भरून येणं. हे इतकं झपाट्यानं होतं की ऐकणाऱ्याला चमत्कार वाटावा. दुसरा भाग म्हणजे वाढलेल्या मांसाची आतली मांडणी नीट लागणं : कुठली रक्तवाहिनी कुठून जाते, पित्त कुठून बाहेर पडतं, कुठल्या पेशीला किती रक्त मिळतं. हे काम मागून आणि सावकाश चालतं. माणूस बरा होणार की नाही हे बरंचसं या दुसऱ्या कामावर ठरतं, आणि त्याबद्दल रुग्णाच्या घरच्यांना जवळपास कोणीच काही सांगत नाही.

आधी यकृत धडधाकट असताना कसं असतं ते पाहू. उजव्या बरगड्यांच्या आड, मोठ्या माणसात साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचा हा अवयव असतो. दर मिनिटाला अंदाजे दीड लिटर रक्त त्यातून जातं. गंमत अशी की त्यातलं तीन चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट आलेलं नसतं. ते आतडी, जठर आणि पाणथरी (प्लीहा) यांच्याकडून पोर्टल व्हेन नावाच्या जाड शिरेतून येतं. म्हणजे आपण खाल्लेलं, पचलेलं सगळं आधी यकृताच्या हातून जातं. उरलेलं पाव रक्त धमनीतून येतं, आणि त्यात प्राणवायू भरपूर असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर यकृत म्हणजे सुमारे एक मिलीमीटर रुंदीच्या, षटकोनी वाटणाऱ्या असंख्य खंडिकांचा समूह दिसतो. बेळगावच्या आसपासची बासमतीची शेतं ज्यांनी जवळून पाहिली आहेत त्यांना खंडिकेचं काम समजायला वेळ लागत नाही. पाटाचं पाणी वाफ्यात एका कडेनं शिरतं, रोपारोपाच्या बुडाला लागून हळूहळू पुढं सरकतं आणि दुसऱ्या बाजूच्या चरीतून बाहेर पडतं. खंडिकेत रक्त कडेच्या कोपऱ्यांतून आत येतं, यकृतपेशींच्या रांगांमधल्या अरुंद वाटांनी झिरपत मधल्या शिरेपर्यंत जातं. रांग एका पेशीच्या जाडीची असते, म्हणून प्रत्येक पेशीला दोन्ही बाजूंनी रक्त भिडतं. पेशींनी तयार केलेलं पित्त मात्र उलट्या दिशेनं, मधून कडेकडे वाहतं. पुढं जे काही सांगायचं आहे ते सगळं या वाफ्याभोवतीच फिरतं, म्हणून एवढं चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

कापलेल्या जागी काय होतं? काहीच नाही. तिथं जखम भरते, एवढंच. ज्या बाजूचं यकृत काढलं ती बाजू पुन्हा उगवत नाही. फ्रेंच शल्यतज्ज्ञ क्लोद क्विनो यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं की यकृताचे आठ भाग पाडता येतात, आणि प्रत्येक भागाला रक्ताची आपली फांदी असते, पित्ताची आपली नळी असते. म्हणूनच शल्यतज्ज्ञ शेजारच्या भागाचं रक्त न तोडता एखादा भाग वेगळा काढू शकतो. उजवी बाजू काढली की पाच ते आठ क्रमांकाचे भाग गेले ते कायमचे गेले. जे उरले ते फुगतात, मोठे होतात आणि गेलेल्यांचं काम अंगावर घेतात. वर्षानं स्कॅन काढला तर डावा भाग गोलसर होऊन उजवीकडच्या मोकळ्या जागेत सरकलेला दिसतो. मूळचा आकार कधीच परत येत नाही.

यातूनच एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. परत वाढतं तर मग एकदा दान केलेल्या माणसाला आणखी एकदा देता का येत नाही? कारण वजन भरून आलं तरी उजव्या बाजूची मुख्य शीर, धमनी आणि पित्तनळी पुन्हा तयार झालेली नसते. कापून देण्याजोगा, स्वतःचं रक्त असलेला वेगळा तुकडा त्याच्याकडे आता उरलेला नसतो.

आता वाढीला सुरुवात कशी होते ते बघू. मला स्वतःला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

निरोगी माणसाच्या यकृतातल्या बहुतेक पेशी विभागणी न करता आपलं रोजचं काम करत बसलेल्या असतात. दोन तृतीयांश यकृत काढलं की आतड्याकडून येणारं रक्त कमी होत नाही. मिनिटाला लिटरभर रक्त येतच राहतं, आणि ते आता एक तृतीयांश जागेतून जायला लागतं. वाफे तीन होते तिथं एकच उरला, पाटाचं पाणी मात्र तेवढंच. उरलेल्या प्रत्येक वाटेतून जवळपास तिप्पट रक्त, तेही जास्त दाबानं, वाहू लागतं. वाटांच्या भिंतींवरच्या पातळ अस्तरपेशींना हा रेटा काही मिनिटांतच जाणवतो. पेशींच्या भोवतीची जी जाळी असते ती विरघळवणारी विकरं (एन्झाइम) जागी होतात. त्या जाळीत अडकून राहिलेला एक वाढीचा घटक त्यामुळं मोकळा होऊन रक्तात उतरतो. त्याचं नाव हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर. जपानमधल्या तोशिकाझू नाकामुरा यांनी १९८४ मध्ये त्याचा शोध लावला.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूनंही निरोप जातात. यकृतात राहणाऱ्या भक्षक पेशींकडे आतड्यातल्या जिवाणूंचे अंश आता जास्त प्रमाणात पोचू लागतात. त्यावर या पेशी दोन रासायनिक निरोप सोडतात. एकाला टीएनएफ म्हणतात, दुसऱ्याला इंटरल्यूकिन-६. एरवी आजारपणात ताप आणणाऱ्या साखळीतलेच हे घटक. इथं मात्र ते यकृतपेशीला विभागणीसाठी तयार करतात. त्यात स्वादुपिंडाकडून येणारं इन्सुलिन, आतड्यातून परतणारी पित्ताम्लं आणि रक्तातल्या प्लेटलेट यांची भर पडते. यातला एखादा निरोप अडवला तर वाढ रेंगाळते, पण सहसा पूर्ण थांबत नाही. एकाच किल्लीवर शरीरानं हे काम सोपवलेलं नाही.

हे सगळं कळलं ते बरंचसं उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांतून. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या मोठ्या पांढऱ्या उंदरांचं दोन तृतीयांश यकृत काढण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. उंदराच्या यकृताचे कप्पे वेगवेगळे असतात, त्यामुळे काही कप्पे बुडाशी बांधून अलगद काढता येतात. उरलेल्यांना इजाही होत नाही. सात ते दहा दिवसांत वजन पूर्ववत! ती पद्धत आजही वापरात आहे. पुढं १९६० च्या दशकात दोन उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडून पाहिलं गेलं. एकाचं यकृत कापलं तर दुसऱ्याच्या न कापलेल्या यकृतातल्या पेशीही विभागायला लागल्या. वाढीचा निरोप रक्तातून फिरतो हे त्यातून स्पष्ट झालं.

उंदरात पहिल्या २४ तासांच्या सुमारास यकृतपेशींमध्ये नवा डीएनए बनण्याचं काम शिखरावर असतं. माणसात हेच काम काही दिवस मागं सरकतं. आणखी एक गोष्ट अलीकडे समजली. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की यकृताचा लहान भाग, सुमारे ३० टक्के, काढला तर उरलेल्या पेशी विभागतच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्या नुसत्या आकारानं मोठ्या होतात आणि तूट भरून काढतात. ७० टक्के काढलं तर आधी त्या मोठ्या होतात आणि मग विभागतात. म्हणजे शरीर आधी स्वस्तातला उपाय करून बघतं. पेशी विभागणं हे खर्चाचं आणि जोखमीचं काम, ते गरज पडली तरच.

खर्चाचं म्हणजे किती, हे ऑपरेशननंतरच्या रक्त तपासणीत दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातलं फॉस्फरस झपकन उतरतं आणि सलाइनमधून ते भरावं लागतं. नर्स वारंवार रक्त काढते म्हणून नातेवाईक वैतागतात, पण त्यामागचं हे एक कारण आहे. शिवाय पहिल्या एक-दोन दिवसांत वाढणाऱ्या पेशींमध्ये थोडी चरबी जमते. ती इंधन म्हणून वापरली जाते आणि मग नाहीशी होते.

इथपर्यंत झाली वजनाची गोष्ट. आता मांडणीची.

विभागणीत यकृतपेशी सगळ्यांच्या पुढं असतात. पित्तनळ्यांच्या आणि रक्तवाटांच्या अस्तराच्या पेशी मागून येतात. त्यामुळे उंदरात तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक विचित्र अवस्था दिसते. दहा-बारा यकृतपेशी एकमेकींना चिकटून गठ्ठा करून बसलेल्या असतात आणि त्यांच्या मधून रक्ताची वाटच नसते. वाफ्यात रोपं दाटीनं उगवली, पण पाणी फिरायला सरीच ठेवली नाही, अशी गत. या अवस्थेत यकृताचं वजन वाढलेलं असतं, स्कॅनमध्ये ते मोठं दिसतं, पण त्या मानानं काम होत नसतं.

मग हे गठ्ठेच स्वतः हाक मारतात. रक्तवाहिन्या वाढवणारे घटक ते सोडतात. अस्तरपेशी त्या दिशेनं सरकत गठ्ठ्यात शिरतात, त्याचे तुकडे पाडतात आणि पुन्हा वाट तयार होते. तारकापेशी नावाच्या आणखी एका प्रकारच्या पेशी भोवतीची जाळी नव्यानं विणतात. सुरुवातीला रांगा दोन पेशींच्या जाडीच्या असतात. त्या हळूहळू एकेरी होत जातात. उंदराचं वजन दहा दिवसांत भरून येतं, पण ही आवराआवर पुढं कित्येक आठवडे चालू राहते. खंडिकांची संख्या फारशी वाढत नाही, आहेत त्याच खंडिका मोठ्या होतात.

माणसात हे वेळापत्रक आणखी लांबतं. यकृतदान केलेल्या माणसाच्या उरलेल्या भागाची सर्वात वेगवान वाढ पहिल्या एक-दोन आठवड्यांतच होते. नंतर वेग मंदावतो. वर्षाअखेर यकृत साधारण मूळच्या ८० ते ९० टक्क्यांपर्यंत पोचतं. शंभर टक्के सगळ्यांचं होत नाही आणि त्याची गरजही नसते, कारण रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त यकृत आपण बाळगून असतो. बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आणि रक्त गोठण्याची तपासणी बहुतेक दात्यांमध्ये आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारते. मोठ्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवसाच्या या दोन आकड्यांकडे डॉक्टरांचं बारीक लक्ष असतं. बिलिरुबिन ३ च्या आसपास किंवा वर राहिलं आणि रक्त गोठण्याची क्षमताही निम्म्याखाली असेल, तर उरलेला भाग दमतोय असं समजतात आणि धावपळ सुरू होते.

दमण्याचं कारण कधी कधी तोच रक्ताचा रेटा असतो, ज्यानं वाढ सुरू केली. उरलेला भाग फारच लहान असेल तर तेवढं रक्त त्याला सोसत नाही. अस्तर फाटतं, पेशी सुजतात, वाढ व्हायच्या आधीच इजा होते. म्हणून निरोगी यकृताचा निदान पंचवीस ते तीस टक्के भाग राखून ठेवतात. दात्याच्या बाबतीत तीस टक्क्यांच्या खाली जात नाहीत, बरेच डॉक्टर त्याहून जास्तच ठेवतात. उरणारा भाग कमी पडणार असं मोजणीत आलं तर एक हुशारीचा उपाय आहे. १९८० च्या दशकात जपानी डॉक्टरांनी तो रुळवला. काढायच्या बाजूची पोर्टल शिरेची फांदी आधीच, सुईवाटे, आतून बंद करतात. सगळं रक्त राखायच्या बाजूकडे वळतं आणि ती बाजू चार ते सहा आठवड्यांत वाढते. मग ऑपरेशन. "महिनाभर नुसतं बसवून ठेवलं" अशी तक्रार मी ऐकली आहे. घरच्यांना वाटतं, गाठ अंगात असताना वेळ घालवला. तो महिना वाया गेलेला नसतो, उरणारं यकृत तेवढ्यात ऑपरेशन सोसण्याजोगं होत असतं.

वाढ थांबते कशी, हेही थोडक्यात सांगते, कारण न थांबणारी वाढ म्हणजे कर्करोग. टीजीएफ-बीटा नावाचा घटक विभागणीला लगाम घालतो. नव्यानं विणलेली जाळी वाढीचे घटक पुन्हा आपल्यात अडकवून ठेवते. थोडी जास्तीची वाढ झालीच असेल तर त्या पेशी आपणहून मरतात. एकूण यकृताचं वजन शरीराच्या वजनाशी जुळलं की काम आवरतं घेतलं जातं. १९९२ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गला डॉ. थॉमस स्टार्झल यांच्या चमूनं एका माणसाला बबून माकडाचं यकृत बसवलं होतं. तो रुग्ण सुमारे सत्तर दिवस जगला, पण तेवढ्यात ते लहान यकृत माणसाच्या मापाकडे वाढत गेलं. उलट मोठ्या कुत्र्याचं यकृत लहान कुत्र्यात बसवलं तर ते आकसतं.

मग सिऱ्होसिस (यकृत तंतूंनी भरून कडक, गाठाळ होणं) झालेल्याला ही शक्ती का उपयोगी पडत नाही? दवाखान्यात मला सगळ्यात जास्त कळवळून विचारला गेलेला प्रश्न हाच. "शेजारच्या खाटेवरच्या पोरानं वडिलांना साठ टक्के दिलंय आणि बसून जेवतोय. आमच्या माणसाची एवढीशी गाठ, ती काढायला का नको म्हणतात?"

कारण त्या पोराच्या यकृताचे वाफे शाबूत आहेत. सिऱ्होसिसमध्ये पेशी वाढायच्या थांबलेल्या नसतात. वर्षानुवर्षं दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, नाहीतर चरबी आणि मधुमेह यांचा मार बसत राहतो. पेशी मरतात, नव्या होतात, पुन्हा मरतात. दर फेरीला तारकापेशी इजेच्या जागी चिवट तंतू टाकतात. हळूहळू खंडिकांची मूळ आखणी पुसली जाते. तंतूंच्या बांधांनी वेढलेल्या गोल गाठी उरतात. त्या गाठींमध्ये पेशी भरपूर, पण रक्त त्यांच्या अंगाला न लागता बांधाबांधानं बाहेर निघून जातं. पोर्टल शिरेतला दाब वाढतो, पोटात पाणी होतं, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि कधी फुटून रक्ताची उलटी होते. अशा यकृतात वाढीची हाक पोचली तरी नव्या पेशींना बसायला नीट जागाच नसते. म्हणून सिऱ्होसिसमध्ये काही काढायचंच झालं तर निदान चाळीस टक्के, तेही बाकी आकडे चांगले असतील तरच, राखावं लागतं. कधी कधी तर गाठ लहान असली तरी सुरीला हात न लावता सुईनं जाळणं किंवा थेट पूर्ण यकृत बदलणं, हाच शहाणपणाचा मार्ग असतो.

काविळीच्या झाडपाल्याचा विषय इथं काढल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे गावोगावी काविळीचं औषध देणारे असतात. रुग्ण बरा होतो आणि नाव होतं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. विषाणूनं पेशी मारल्या तरी वाफ्याची आखणी जागेवर असते, त्यामुळे नव्या पेशी नेमक्या जुन्यांच्या जागी बसतात. श्रेय यकृताचं असतं. इथवर कोणाचं काही बिघडत नाही. पण त्याच औषधानं हिपॅटायटिस बी ची किंवा पित्तनळी अडल्याची कावीळ घरी बसवून ठेवली तर मोलाचे महिने जातात. काही वनस्पतींच्या काढ्यांनी यकृताला इजा झाल्याचंही डॉक्टरांनी नोंदवलं आहे. आणि गरोदर बाईची कावीळ असेल तर एक दिवसही घरी थांबू नये, कारण हिपॅटायटिस ई अशा वेळी जीवघेणा ठरू शकतो. ऑपरेशननंतरच्या दिवसांत तर डॉक्टरांना न विचारता कसलाही काढा, चूर्ण किंवा वेदनाशामक गोळी नको.

तसंच पथ्याचं. लिव्हरचं नाव निघालं की आपल्या घरात तेल बंद, हळद बंद, नुसती पेज सुरू. कापलेलं यकृत भरून येण्याच्या काळात माणसाला उपाशी ठेवण्यासारखं दुसरं नुकसान नाही. या काळात दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. पेजेतून ती मिळणं शक्य नाही. अंडी, दूध, दही, पनीर, डाळी, खात असतील त्यांना मासे, आणि गरज पडली तर डॉक्टरांनी दिलेली पावडर, असं थोडं थोडं करून दिवसातून पाच-सहा वेळा खायला घालावं लागतं. वारकरी घरांत एकादशी चुकवायची म्हणजे जिवावर येतं हे मला माहीत आहे. तरी सांगते, निदान पहिले तीन महिने उपास नको. उरलेलं यकृत लहान असताना ते रात्रभरापुरतीसुद्धा साखर पुरेशी साठवू शकत नाही, म्हणून झोपण्याआधीही काहीतरी पोटात जायला हवं. दारूबद्दल वेगळं लिहायची गरज नसावी, पण लिहिते : एक थेंब नको.

शेतकरी माणूस महिन्याभरात बांधावर जायला बघतो. स्कॅनमध्ये यकृत भरत आलेलं दिसतं, मग ओझं का उचलायचं नाही? कारण यकृत भरलं तरी पोटाच्या भिंतीचे स्नायू त्या वेगानं जुळत नाहीत. ते काही यकृतासारखे वाढत नाहीत. घाईनं पोतं उचललं तर टाक्यांच्या जागी हर्निया होतो. दोन-तीन महिने कळ काढायची, आणि कधी सुरुवात करायची ते डॉक्टरांकडूनच विचारून घ्यायचं.

दान करणाऱ्याच्या तयारीबद्दल दोन गोष्टी. त्याच्या यकृतात चरबी जास्त असेल तर त्याला नाकारतात किंवा आधी वजन उतरवायला सांगतात, कारण चरबीनं भरलेल्या पेशी वाढीच्या कामाला उशिरा लागतात. ही चरबी काही आठवड्यांच्या खाण्याच्या शिस्तीनं आणि चालण्यानं बरीच उतरते, तेव्हा नकार आला म्हणून लगेच खचायचं कारण नाही. वयाचं म्हणाल तर, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कार्बनच्या मोजणीवरून असं दिसलं की माणूस विशीतला असो की ऐंशीतला, त्याच्या यकृताचं सरासरी वय तीन वर्षांच्या आतच असतं. दाते शक्यतो तरुण निवडतात त्यामागं हृदय, फुप्फुसं आणि ऑपरेशन झेपणं हेही विचार असतात. आणि धोका शून्य नाही हे दात्याला स्पष्ट सांगितलंच पाहिजे : उजवी बाजू देणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारात साधारण दोन ते पाच असं धरलं जातं. भारतात जिवंत दात्याकडून पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं, वडिलांनी आपल्या लहानग्याला तुकडा दिला होता. तेव्हापासून अनुभव खूप वाढला असला तरी हा आकडा पुसला गेलेला नाही.

आपल्या भागात कागदपत्रांची एक खास अडचण येते. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक. बाकीच्यांना समितीची परवानगी लागते. इथं बहीण चंदगडला दिलेली, मामा गडहिंग्लजचा, पेशंट बेळगावचा आणि दवाखाना कधी पुण्यात, कधी बेंगळुरूत. दोन राज्यांचे कागद जुळवताना नाव, आडनाव, पत्ता यांतला बारीक फरकही अडतो. कन्नड लिपीतल्या दाखल्यावर एक नाव आणि आधारवर दुसरं, असं फार होतं. दात्याची तपासणी सुरू होते त्याच आठवड्यात हे कागद काढायला घ्यावेत. कर्नाटकात मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवायचं असेल तर ते काम जीवसार्थकते या सरकारी संस्थेच्या यादीतून, दवाखान्यामार्फत होतं. नातेवाईक दाता शोधत असतानाही तिथं नाव घालून ठेवता येतं का, हे विचारून घ्या.

सही करण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा, कन्नडमध्ये जमत नसेल तर सोबत कुणाला तरी घेऊन जा. उरणारा भाग एकूण यकृताच्या किती टक्के आहे? त्या भागात चरबी किंवा तंतू किती आहेत? पोर्टल शिरेतला दाब वाढलेला आहे का? उत्तरं कागदावर लिहून घ्या. ऑपरेशन झाल्यावर त्या कागदासोबत शस्त्रक्रियेचा अहवाल आणि स्कॅनच्या सीडी एका फायलीत जपून ठेवा, आणि दात्यानंसुद्धा दरवर्षी एक रक्त तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी. काही दात्यांच्या प्लेटलेट वर्षानुवर्षं थोड्या कमी दिसतात. गावातल्या नव्या डॉक्टरला ते माहीत नसेल तर डेंग्यू समजून विनाकारण धावपळ होते. फाईल हातात असली की दोन मिनिटांत उलगडा होतो.